लालबागचा सात नंबर

आमच्या टीव्हीतला दादा सदतीस वर्षांचा झाला होता. खरा दादा तिथवर पोचला नाही.

हे नीट सांगायला हवं, नाहीतर माझं डोकं फिरलंय असं वाटायचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याला फुटबॉलच्या व्हिडिओ गेमचं वेड होतं. त्या गेममध्ये आपला संघ काढता येतो आणि आपल्या मनासारखा खेळाडूही घडवता येतो. दादाने संघाचं नाव ठेवलं लालबाग आणि सात नंबरचा शर्ट चढवून स्वतःलाच मैदानात उतरवलं. उंची, कुरळे केस, पुढे आलेले कान, सगळं त्याने बसून जुळवलं. नाक मात्र काही केल्या जमेना. मी म्हटलं, "तुझं नाक बनवणं गेमवाल्यांच्या बापाला जमणार नाही." गोल झाल्यावर खेळाडूने काय करायचं तेही निवडता येतं. कुणी नाचतो, कुणी कोलांटी मारतो. दादाच्या माणसाने दोन्ही हात कमरेवर ठेवून नुसतं उभं राहायचं. आमची चाळ पाडून टॉवर झाला त्याआधी दादा गॅलरीत असाच उभा असायचा, जाणाऱ्या-येणाऱ्याच्या वाटेत.

ही हौस त्याला आजारपणात लागली. किडन्या गेल्या होत्या. परळच्या हॉस्पिटलात डायलिसिस करून यायचा तेव्हा जिना चढल्यासारखा धापा टाकायचा, आणि आम्ही तर लिफ्टने येत होतो. मग सोफ्यावर आडवा होऊन कंट्रोलर हातात घ्यायचा. इकडे त्याच्या पायात पेटके यायचे आणि तिकडे तो उजव्या बाजूने सुसाट पळत सुटायचा. कॉमेंट्री करणाऱ्या गोऱ्या माणसाला त्याचं नाव घेता यायचं नाही. तो फक्त सात नंबर म्हणायचा.

डायलिसिसच्या चार तासांत मात्र पुस्तक लागायचं, आणि तेही साहसकथाच. बेटं, भुयारं, बुडालेली जहाजं, वाळवंटात हरवलेले लोक. माझं ऑफिस गिरगावात. ठाकूरद्वारच्या वाचनालयातून पुस्तकं आणायचं काम माझ्याकडे. दादाची एक खोड होती, तो शेवटचं प्रकरण वाचायचा नाही. तिथवर आला की पुस्तक माझ्या अंगावर टाकायचा. "शेवट तू वाच. मला सांगायचा नाही."

"अरे, मग एवढं वाचून उपयोग काय?"

"शेवटी काय असतं गं? घरीच तर परत यायचं असतं."

मला याचा राग यायचा. शेवट मला एकटीला माहीत आणि बोलायची चोरी. वाचनालयातल्या बाईंना मी त्याचं हे वागणं सांगितलं, तर त्या हसून म्हणाल्या की असा वाचक त्यांनी आजवर पाहिला नाही.

गेममध्ये वर्षं भराभर जातात. एक सीझन महिन्याभरात संपतो आणि खेळाडू वर्षाने मोठा होतो. गेमची अशी कितीतरी वर्षं उलटली आणि एक दिवस पडद्यावर सूचना आली, सात नंबर या सीझननंतर निवृत्त होणार. दादा हसत सुटला. "आई, रिटायरमेंट आली गो माझी! पेढे आण." सीझनचा एकच सामना उरला होता. तो दादाने खेळलाच नाही. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण ठेवायचा, तसा तो सामना ठेवून दिला.

मग तो हॉस्पिटलात राहिला तो राहिलाच. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी त्याने उशाचं पुस्तक माझ्याकडे सरकवलं आणि विचारलं, "शेवटी काय होतं यात?"

मी शेवटचं प्रकरण काढून भराभर वाचलं. मग सांगितलं. सगळे सुटतात, जहाज येतं, पण एक माणूस स्वतःहून बेटावरच राहतो.

"बरं झालं," दादा म्हणाला आणि डोळे मिटून पडला. मी पाणी आणते म्हणून बाहेर गेले आणि कॉरिडॉरमध्ये रडले. ज्याने जन्मात शेवट विचारला नाही त्याने तो विचारला होता. डॉक्टर जे सांगायला कचरत होते ते मला तिथेच कळलं.

दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवले. कावळे झाडावर मुबलक होते, पण एकही खाली उतरेना. आपल्यात म्हणतात, गेलेल्याची काही इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, मग एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा. काका म्हणाले, "आईला आम्ही सांभाळू." कावळा ढिम्म. काकांनी आयुष्यात दिलेला एकही शब्द पाळलेला नाही, हे कावळ्यालाही ठाऊक असावं. मावशी म्हणाली, तुझ्या बहिणीचं लग्न नीट करून देऊ. आत्येभाऊ म्हणाला, गावचं घर पडू देणार नाही. ऊन चढत चाललं. आई खाली मान घालून बसली होती. तिच्याकडे बघवेना, म्हणून मी पुढे झाले आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं पुटपुटले, "दादा, तुझा सीझन मी पूर्ण करीन."

कावळा आला.

तो भुकेने आला असेल, हे मलाही कळतं. पण शब्द गेला तो गेला. आणि घरी येऊन टीव्ही लावल्यावर माझ्या लक्षात आलं की मी काय कबूल करून बसलेय. सामना खेळला की सीझन संपणार. सीझन संपला की सात नंबर जाणार. एकदा त्याला पोचवून आले होते. पुन्हा माझ्याच हाताने पोचवायचं?

मग मी पळवाट काढली. गेममध्ये सराव सामने असतात. ते कितीही खेळा, तारीख पुढे सरकत नाही. रविवारी दुपारी जेवणं झाली की मी सराव सामना लावायची. आई शेजारी वाल सोलत बसायची. अशी काही वर्षं गेली आणि दादा सदतीसचाच राहिला.

चेंडू दुसऱ्याकडे असला की सात नंबर उजव्या कडेने पळत हात वर करतो. मला दे, मला दे. प्रोग्रॅमच तसा आहे, सगळेच हात वर करतात. तरी तो हात वर झाला की माझ्या तोंडून 'देते रे' निघायचं. एकदा दार वाजलं म्हणून कंट्रोलर ठेवून उठले. परत येऊन बघते तर चेंडू बाहेर गेलेला, बाकीचे इकडेतिकडे फिरतायत, आणि तो रेषेशी थांबून आमच्या हॉलकडे तोंड करून उभा. खिडकीच्या ग्रिलवर कावळा बसला होता. मुंबईत कावळे काय कमी आहेत? पण मी टीव्ही बंद केला आणि तो पूर्ण आठवडा लावला नाही. मला भीती वाटली होती, उगाच कशाला लपवू.

गेल्या पितृपक्षात आईने गच्चीवर पान ठेवलं. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी. बाकीच्यांच्या पानांवर कावळे तुटून पडले, आमचं पान तसंच राहिलं. आई खाली आली आणि समोर बसून मला म्हणाली, "तेव्हा बाणगंगेर तू कायतरी बोललंस. काय बोललंस ता सांग."

मी सांगितलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने वालाचं ताट मांडीवर ओढलं आणि म्हणाली, "मगे खेळ. तेका कित्याक लटकवन ठेवलंस?"

मी तो राहिलेला सामना लावला. पास भलतीकडे जात होते, समोरच्यांनी दोन गोल चढवले. हात वर झाला की मी चेंडू त्यालाच देत होते, आणि तो पळत होता. दुसरा हाफ अर्धा झाला तसं आईने सोलायचं थांबवलं.

"दमलो हा तो," ती म्हणाली. "बसव तेका."

"आई, आपण हरतोय."

"हरांदे. बसव."

मी बदली खेळाडू घेतला. सात नंबर मैदानातून चालत निघाला. घाई नाही, काही नाही. बाहेरचे खेळाडू टाळ्या वाजवत होते. रेषेपाशी त्याने नव्या पोराच्या हातावर टाळी दिली आणि बाकावर जाऊन बसला. सामना हरलो. सीझन संपला, आणि संघाच्या यादीत सातच्या पुढची जागा रिकामी झाली. मी मोठ्याने रडले. आई रडली नाही. तिने पदराने माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं.

पण गेम थांबत नाही. नवा सीझन आपसूक सुरू झाला आणि कोणत्याही संघाला घेता येतील अशा नवख्या पोरांची यादी आली. त्यात दादाचं नाव होतं. वय सोळा. कुरळे केस, पुढे आलेले कान, तेच न जमलेलं नाक. निवृत्त झालेले खेळाडू या गेममध्ये पुन्हा पोर होऊन येतात, हे दादाने मला कधी सांगितलं नव्हतं. त्यालाही माहीत नसेल, तो शेवटापर्यंत जायचाच कुठे? एक बटण दाबायचं होतं, की तो पुन्हा लालबागचा.

आई चष्मा लावून टीव्हीजवळ गेली. पडद्यावरच्या त्या कानाला तिने बोट लावलं.

"हय आणू नको तेका," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाच्या घराक जांवदे. थय जगतलो तरी."

"तिथे तरी जगेल? असं का बोलतेस गं?" मी म्हटलं. ती चष्मा काढून पुन्हा वालाच्या ताटाशी जाऊन बसली. आमच्या घराने दादाला जगवलं नाही, हे तिच्या मनात इतकी वर्षं होतं आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. मी बटणावरचं बोट काढून घेतलं. गेमच्या पुढच्याच आठवड्यात कुठल्यातरी बर्फाळ देशातल्या संघाने त्याला घेतलं.

मी अजून खेळते, पण आता तारीख पुढे जाऊ देते. परवाच्या रविवारी त्या संघाशी आमची गाठ पडली. तो आता एकवीस वर्षांचा आहे, निळ्या शर्टात. त्याने आमच्यावरच गोल केला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. मी आईकडे बघायचं टाळलं.

आई वाल सोलता सोलता म्हणाली, "तब्येत बरी दिसता तेची."