पाटा मागणारी बाई माझी आई होती

बाईंच्या फोटोवर पोह्यांच्या खरकट्या ताटल्यांचा ढीग होता.

फ्लेक्स आमचा. सकाळी आम्ही तिघींनी स्टुलावर चढून तो हॉलच्या फाटकाला बांधला होता. मी नाष्टा वाढून, हात धुऊन, पदर नीट करून मागच्या अंगणात आले तर तो नळाजवळ जमिनीवर अंथरलेला. त्यावर ताटल्या, चहाचे कप, लिंबाच्या फोडी. बाईंचं कपाळ तेवढं दिसत होतं. कपाळावर पोह्यातली मिरची.

भांडी घासणारीला विचारलं, "हे कुणी काढलं गं?"

"सरांनी सांगितलं. म्हणले, असलं दारात नको, पाहुणे हसायलेत. चिखल व्हायला नको म्हणून मी खाली टाकलं."

तिची काही चूक नव्हती. लातूरला जुन्या फ्लेक्सचं हेच होतं. कुणी पत्र्यावर टाकतं, कुणी सोयाबीन झाकतं. पण आमचा जुना नव्हता. दोन तासांचा होता.

मी मेसवाली. क्लासेसच्या भागात राहते. बाहेरगावची पोरं इथं डॉक्टर व्हायला येतात आणि नंबर लागेपर्यंत आमच्या हातचं खातात. पुढं त्यांना पोटाचे आजार होतात त्यात माझ्या पोळ्यांचा वाटा किती, ते तपासायला अजून कुणी परत आलेलं नाही. माझ्या पोळ्या जाड होतात. म्हणून माझी जाऊ सुमन आणि शेजारची शबाना, दोघींनी मिळून मला पोळपाटावरून उठवलं. म्हणाल्या, "तू वाच. आम्ही लाटताव."

तेव्हापासून रोज दुपारी संध्याकाळच्या पोळ्या होईस्तोवर मी मोठ्यानं वाचते. वाचणारीनं लाटायचं नाही, लाटणारीनं मधे बोलायचं नाही. हा नियम शबाना रोज मोडते. "मग त्या सासूला कुणी काही म्हणलं का न्हाई?" असं मधेच ओरडते आणि तव्यावरची पोळी करपते.

आम्ही सगळ्यात जास्त वाचलं ते बाईंचं. बाई म्हणजे माझ्या शाळेतल्या बाई. भूकंपात आमचं गाव पडलं, तेव्हा मी अकरा वर्षांची होते. पत्र्याच्या शेडमधली शाळा बाईंनी चालवली. उन्हात पत्रा तापायचा, आम्ही दप्तर डोक्यावर धरून पाढे म्हणायचो. बाई नंतर बदली होऊन नांदेडकडं गेल्या आणि लिहायला लागल्या. त्यांची एक कथा आहे. शेडमध्ये राहणारी एक बाई मदतीच्या प्रत्येक ट्रककडं पाटा-वरवंटा मागते. लोक चादरी देतात, पातेली देतात, बिस्किटं देतात. ती म्हणते, पाटा द्या. लोक हसतात. तिला खुळी म्हणतात.

ती बाई माझी आई.

माझा धाकटा भाऊ सात वर्षांचा होता. पाट्यावरची चटणी असल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. तो ढिगाऱ्याखाली गेला. पाटाही गेला. आईला वाटायचं, पाटा मिळाला तर तेवढं तरी करता येईल. काय करता येईल, ते तिनं कधी सांगितलं नाही. पुढं सहा-सात वर्षांनी तीही गेली. ही कथा छापून आली तेव्हा ती नव्हती. मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मधेच थांबले. सुमननं लाटणं खाली ठेवलं. त्या दिवशी एकही पोळी करपली नाही.

तर त्या कथेची निवड झाली. आधी पुण्याच्या एका मोठ्या संग्रहात, मग दिल्लीच्या. निवडक कथांची जाड पुस्तकं, जी कॉलेजात लावतात. बाईंनी फोनवर सांगितलं आणि मला काय करावं सुचेना. आमच्या भागात निवड झाली की काय करतात? पेढे वाटतात आणि फ्लेक्स लावतात. आम्हाला तेवढंच ठाऊक.

पेढे वाटले. पोरं विचारायला लागली, "काकू, कुणाचा नंबर लागला?"

"आमच्या बाईंचा."

"एमबीबीएसला?"

"न्हाई रे. पुस्तकात."

पोरांनी पेढा खाल्ला आणि आणखी एक मागितला. त्यांना पुस्तकात नंबर लागतो हे नवीन होतं.

फ्लेक्स शबानाच्या नवऱ्यानं बनवला. त्याचं दुकानच ते. दरवर्षी निकाल लागला की त्याला जेवायला फुरसत नसते. त्याच्याकडं तयार नमुना होता, त्यातला पोराचा फोटो काढून त्यानं बाईंचा टाकला. वर 'घवघवीत यश', खाली 'राज्यातून व देशातून निवड', त्याखाली शुभेच्छुक म्हणून आम्हा तिघींचे फोटो. माझा रेशनकार्डावरचा, त्यात मी कुणाचा तरी खून करून आल्यासारखी दिसते. एवढं सगळं बघितलं, पण कोपऱ्यात डॉक्टरांचा स्टेथोस्कोप तसाच राहिला, तो कुणालाच दिसला नाही. फाटकाला बांधल्यावर सुमन म्हणाली, "अगं, हे नळीचं काय हाय?" मी म्हणाले, "राहू दे. शोभून दिसायलंय."

हसण्यासारखं होतंच. मीही हसले. हसू आल्याबद्दल माझं काही म्हणणं नाही.

बाईंचा सत्कार क्लासच्या हॉलमध्ये होता. क्लासचे मालक, ज्यांना सगळे सर म्हणतात, त्यांच्या वसतिगृहाचे डबे माझ्याकडं होते. म्हणून नाष्टा आणि जेवणही माझ्याकडंच आलं. पण मी नुसती स्वयंपाकाला निघाले नव्हते. बाई फोनवर स्वतः म्हणाल्या होत्या, "वाचकाचं मनोगत असतं गं. तू बोल दोन शब्द." मी वहीच्या कागदावर दोन वाक्यं लिहून घेतली. आठ दिवस पाठ केली. सुमन वैतागून म्हणाली, "आता मलाबी पाठ झालं. तू आजारी पडलीस तर मी बोलते."

अंगणातून तशीच हॉलमध्ये गेले. दुसऱ्या रांगेत सुमन आणि शबाना जागा धरून बसल्या होत्या. मी बसले न बसले तोच सर आले.

"काकू, इथं कुठं? या रांगा निमंत्रितांच्या."

"सर, माझं मनोगत हाय. बाईंनी सांगितलंय."

ते हसले. वाईट माणूस हसतो तसे नाही, लहान पोराला हसावं तसे. "मनोगत आपल्या पाहुण्या डॉक्टर मॅडम व्यक्त करणार आहेत. तुम्ही आत बघा. जेवण वेळेवर झालं म्हणजे तेच तुमचं मनोगत."

शेजारचे दोघं-तिघं हसले. बाई समोरच खुर्चीत होत्या, चार हातांवर. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्या हातातल्या गुच्छाचा कागद सरळ करत होत्या.

आम्ही उठलो. तिघी रांगेतून निघालो तेव्हा लोकांनी पाय आखडून वाट दिली. तेवढा मान मिळाला.

मागं भातावर झाकण ठेवून उभी राहिले. भाषणं लाऊडस्पीकरवर ऐकू येत होती. एक प्राध्यापक म्हणाले, पाटा म्हणजे स्त्रीच्या दडपलेल्या मनाचं प्रतीक आहे. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, त्यांना कथा पूर्ण वाचायला वेळ मिळाला नाही, पण ती वेडी स्त्री त्यांच्या मनाला भिडली.

वेडी.

शबाना म्हणाली, "सुनी क्या?" माझ्या हातात पळी होती. आईला ट्रकवाले खुळी म्हणायचे तेव्हा मी तिच्या मागं उभी असायचे. अकरा वर्षांची. मला लाज वाटायची. लोकांची नाही, आईची. तिचा पदर ओढून मी म्हणायचे, "चल ना गं, लोक हसायलेत." एवढी वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. तिला हसणाऱ्यांत मीही होते.

पळी खाली ठेवली.

माणसं ताटं घेऊन रांगेत उभी राहिली. सर आत आले. "काकू, वाढायला घ्या."

"न्हाई सर."

"काय न्हाई?"

"जेवण झालेलं हाय. झाकणं काढून ठेवलीत. हातानं घ्या. आम्ही वाढणार न्हाई."

"काय बोलायलाव तुम्ही? पाहुणे उभे आहेत."

"आम्ही बी सकाळपून उभ्याच हाव."

आणि मी बाहेर येऊन, ताटं धरलेल्या त्या सगळ्या माणसांसमोर, माझी दोन वाक्यं म्हणाले. माईक नव्हता. मेसमध्ये पन्नास पोरांवर ओरडून घसा तयार झालेला. "कथेतली पाटा मागणारी बाई माझी आई होती, ती वेडी नव्हती. तिचं पोरगं मेलं होतं आणि ती कुणासमोर रडली नव्हती, हे बाईंनी लिहिलं म्हणून आम्ही बाईंच्या वाचक आहोत."

मागून एक माणूस म्हणाला, "मीठ कुठं ठेवलंय?"

हे माझं मनोगत. आणि ही त्याला मिळालेली दाद.

फ्लेक्स धुऊन, गुंडाळून आम्ही घरी आलो. संध्याकाळी बाईंचा फोन आला. मला वाटलं, रडतील. मीही रडायच्या तयारीत होते.

"असा तमाशा करायला नको होता गं," बाई म्हणाल्या. "किती वर्षांनी माझा एक दिवस आला होता."

खरं होतं. दिवस त्यांचा होता. नांदेडच्या एका मास्तरीणबाईला त्या लोकांत बसायला जन्म घालवावा लागला, ते मला कळतं. मी म्हणाले, "हाव बाई." त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर आला नाही.

वसतिगृहाचे डबे बंद झाले. सुमनचा नवरा, म्हणजे माझा दीर, आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. मग क्लासचा मॅनेजर आला. भला माणूस. म्हणाला, "काकू, सरांना भेटून एकदा सॉरी म्हणा. विषय मिटवा. दोन शब्दांचा तर प्रश्न आहे."

मी त्याला चहा दिला. म्हणाले, "माफी मागायची हाय मला. पण ती सरांची न्हाई. ज्या माणसाची मागायची, ते मरून गेलंय."

तो चहा पिऊन गेला.

आता आम्ही उरलेल्या डब्यांवर भागवतो. दुपारी वाचन असतं. बाईंचंही वाचतो. बाई माझ्याशी बोलत नाहीत म्हणून त्यांची कथा माझ्याशी बोलायची थांबत नाही. पण एक ठरवलंय आणि दिराला, सुमनला, शबानाला तोंडावर सांगितलंय. जिथं माझ्या हातची पोळी चालते आणि माझा शब्द चालत नाही, तिथं पोळी जाणार नाही. आणि माझ्यासमोर कुणी कुणाच्या आईला खुळी म्हणालं, तर मी पदर ओढणार नाही. तिच्या शेजारी जाऊन उभी राहीन. हसणारे हसू देत.