पार्सलवाल्या आक्का

माझी नणंद कॅन्सरच्या दवाखान्यात नोकरीला होती असं सांगितलं की लोक विचारतात, डॉक्टर का? छे हो! आमच्या आक्का सव्वीस वर्षं तिथल्या मागच्या दाराशी बसून किरणोत्सारी औषधांची खोकी उतरवून घ्यायच्या. लेबल बघायचं, सील बघायचं, सही करायची. घरात आम्ही त्यांना पार्सलवाली म्हणून चिडवायचो. त्यात स्वभाव भित्रा. गॅस बंद केला का ते तीनदा बघणार, झुरळ दिसलं की पलंगावर चढणार. मीही टोमणे मारायला कमी केलं नाही, खोटं कशाला बोलू!

त्या निवृत्त झाल्या त्याच वर्षी आम्ही दोघी पडद्यांचं कापड घेऊन पायी घरी येत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. उड्डाणपुलाखालच्या वळणावर एक छोटी व्हॅन खांबाला धडकून आडवी झाली होती. मागचं दार उघडून खोकी रस्त्यावर पडली होती, आणि दारावर ती पिवळी पाटी, किरणोत्साराची. पाटी बघून गर्दी जी मागे सरली ती पार समोरच्या फुटपाथवर. ड्रायव्हर कसाबसा बाहेर येऊन पडला होता आणि त्याच्या मांडीतून रक्ताची धार लागली होती. कोणी पुढे जाईना. जाणार तरी कसं? तोच ओरडत होता, "जवळ येऊ नका! डबा फुटलाय, सगळं माझ्या अंगावर सांडलंय!"

माझी तर पाचावर धारण बसली. मी आक्कांचा हात धरून ओढायला लागले. त्यांनी तो सोडवून घेतला. शेजारच्या माणसाला फायर ब्रिगेडला फोन लावायला सांगितलं, "माल किरणोत्सारी आहे हे आधी सांगा." मला म्हणाल्या, "तू इथंच थांब, वारा पाठीवर घेऊन. माझ्यामागे आलीस तर याद राख!" कापड काखेत मारलं, त्याच्या दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या हातांवर चढवल्या, नाकाला रुमाल बांधला आणि निघाल्या की!

"बाई, मागे फिरा, हात जोडतो तुमच्यापुढं," ड्रायव्हर रडत म्हणाला.

"हात नंतर जोड. आधी पाय सरळ कर."

नवंकोरं कापड घडी करून त्यांनी जखमेवर ठेवलं आणि सगळा भार टाकून दोन्ही हातांनी दाबलं. मग मान वळवून खोक्यांकडे पाहिलं. एकाचा पुठ्ठा फाटून आतला शिशाचा डबा बाहेर आला होता, पण झाकण घट्ट, सील जागच्या जागी.

"अरे गाढवा, कुठं फुटलाय?" आक्का कडाडल्या. त्याला पडल्या जागेवरून काही दिसतच नव्हतं. आपल्यापायी दुसऱ्या कुणाचा जीव जायला नको म्हणून त्यानं सगळ्यात वाईट तेच सांगून टाकलं होतं.

पंचवीस मिनिटांनी फायर ब्रिगेड आली आणि किरणोत्सार मोजायच्या मीटरची गाडी यायची म्हणून दोरी बांधून लांबच थांबली.

"मीटर मागाहून! आधी माणूस उचला!" असा आवाज मी आक्कांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. फायर ब्रिगेडचे साहेब माणसं घेऊन आत शिरले. ड्रायव्हरला उचललं, ॲम्ब्युलन्समध्ये घातलं. वाचला तो.

मग मीटर आला. आक्कांच्या केसांपासून चपलांच्या तळापर्यंत फिरवला. काही निघालं नाही, तेव्हा मला दोरीच्या आत सोडलं. त्यांची बोटं आखडून मिटली होती, उघडेनात. मी एकेक बोट सोडवत बसले. हात गार पडले होते. मला रडूच फुटलं. या बाईला मी भित्री म्हणत होते!

"तो उगाच ओरडतोय हे तुम्हाला बरं कळलं," मी डोळे पुसत म्हटलं. "शेवटी सव्वीस वर्षांचा अनुभव."

"मला कुठं कळलं होतं?" आक्का म्हणाल्या. "मी फुटलाय असं धरूनच गेले. सांडलेलं धुता येतं गं. त्याचं रक्त कुठून आणणार होते?"