आधी आगटी, मग करार

करारावर सही करण्याआधी समोरच्या माणसाला शेतात हुरडा भाजायच्या आगटीजवळ बसवून बघायचं, ही अण्णांची पद्धत. सुप्याच्या एमआयडीसीत त्यांचा पंपांचा छोटा कारखाना होता. परदेशी पत्रव्यवहार मी बघायचे आणि पाहुणे आले की दुभाषाही मीच. साहेब लोक पुण्याहून गाडीनं येत, फाइल उघडत. अण्णा ती हलकेच मिटवत. "आदी शेतावर चला. कागूद कुटं पळून जात न्हाई." माझा जीव मात्र टांगणीला लागायचा.

इटलीचा मार्को आला तो ऐन थंडीत. त्याच्या कंपनीचं, पंपातून थेंबही गळू न देणारं सील आम्हाला हवं होतं. त्यावाचून मोठ्या ऑर्डरी हातच्या चालल्या होत्या आणि कारखाना फार दिवस तग धरणार नव्हता. अण्णांनी त्याला हुरड्याला नेलं. अण्णांच्या पत्नी, आमच्या काकू, यांनी चोळलेले दाणे ताटलीत दिले, तर गडी ऐकेना. त्याला स्वतःच कणीस चोळायचं होतं. हात पोळले, निम्मे दाणे मातीत गेले, पण उरलेले त्यानं अशा ऐटीत खाल्ले की काकू तोंडाला पदर लावून हसत बसल्या.

दुसऱ्या दिवशी करार वाचला. सील तिकडून तयार येणार, आम्ही फक्त बसवायचं. बनवायचं कसं ते सांगणार नाहीत. अण्णांनी फाइल मिटवली. मग म्हणाले, "ताई, त्यांना इचारा, काल आयतं दिलं हुतं, ते का न्हाई घेतलं? आमच्या कारखान्यातल्या पोरांचं बी तसंच हाय. हात पोळतील, माल वाया जाईल. पर चोळू द्या."

मार्को सही न करता गेला. पुढे कित्येक महिने काही कळलं नाही. म्हाताऱ्यानं हट्टापायी सगळ्यांच्या पोटावर पाय आणला, अशी कुजबुज कारखान्यात सुरू झाली. अण्णांच्या कानावर ती जायची. एकदा मला म्हणाले, "भ्या तर मला बी लई वाटतंय. पर नुसतं जोडत बसलो आन् उद्या त्यांनी हात काढला, तर आपल्यापाशी काय ऱ्हायलं?"

पावसाळा सरता सरता मार्कोचा निरोप आला. तुमची दोन माणसं शिकायला पाठवा.

आता अण्णा नाहीत. त्या सीलमध्ये आमच्या पोरांनी पुढं बरीच सुधारणा केली आणि यंदाच्या थंडीत ती शिकायला मार्कोच्या कंपनीतले दोघं तरुण सुप्याला आले. नवा करार टेबलावर तयार होता. मी त्यांना आधी शेतावर नेलं. अण्णांची फार आठवण येत होती. काकूंनी चोळलेल्या दाण्यांची ताटली पुढे केली आणि मध्येच थांबल्या. मग ती बाजूला ठेवून त्यांनी दोघांच्या हातात एकेक गरम कणीस दिलं.