सर उभे राहिले तेव्हा

इथे परदेशात थंडी पडली की मी कपाटातून ती शाल काढतो, आणि डांबरगोळ्यांच्या वासासरशी अलिबागच्या आमच्या कॉलेजातली ती दुपार आठवते. आम्ही परदेशात असलेल्या माजी विद्यार्थ्यांनी रसायनशास्त्राची नवी प्रयोगशाळा बांधून दिली होती आणि उद्घाटनाला सगळ्यांच्या वतीने मी गेलो होतो. मुंबईहून येणारी बोट मांडव्याच्या धक्क्याला उशिरा लागली. पत्र्याखालच्या हॉलमध्ये माणसं घामाघूम होऊन ताटकळली होती. मी दारात दिसताच माइकवरून आवाज आला, "पाहुणे आलेत, सर्वांनी उभं राहावं." खुर्च्या खडखडल्या. "बसा, बसा," मी ऐटीत हात हलवून म्हणालो. सगळे बसले, पहिल्या रांगेत एक म्हातारे गृहस्थ मात्र खुर्चीचा हात धरून अजून हळूहळू खाली टेकत होते. ते आम्हाला रसायनशास्त्र शिकवणारे सर होते. त्यांच्या तासाला ते वर्गात आले की आम्ही उठायचो, आणि त्यांनी मान हलवल्याशिवाय कुणी बसायचं नाही. मी त्यांना ओळखलं, तरीही आधी व्यासपीठावर चढलो, शाल-श्रीफळ घेतलं. नंतर पाया पडायला वाकलो तर म्हणाले, "राहू दे रे, शाल घसरतेय बघ तुझी." ती शाल अंगावर घेतली की अजून मला लगेच खुर्चीत बसवत नाही.