नखाएवढा चेहरा

बिश्केकच्या डोंगरापलीकडे, नारीन गावच्या बाजारात जिपारचं नाव काढलं की लोक आधी तोंड वाकडं करतात आणि मग तिच्या दुकानाचा पत्ता सांगतात. बाई फटकळ. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की पहिला शब्द शिवीच्या वळणाचा. दारावर पाटी आहे, 'फोनवरून फोनवर फिरलेले फोटो घेतले जाणार नाहीत'. ती पाटी वाचूनही जो आत शिरतो त्याची ती बिनपाण्याने करते. तरी माणसं येतात, कारण थडग्याच्या दगडावर चेहरा हवा असेल तर दुसरीकडे जाण्यात अर्थ नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मशिदीतले मुल्ला दर शुक्रवारी सांगतात की कबरीवर तसबीर नको. लोक माना डोलावतात आणि सोमवारी जिपारकडे रांग लावतात.

एकोणिसाव्या वर्षी ती सरकारी फोटोघरात लागली. तिकडे पासपोर्टचा एवढासा फोटो खिडकीएवढा करायचा, आणि मोठा होताना जे विरघळेल ते काजळी आणि कुंचल्याने परत भरायचं. पापणीचा एकेक केस. पुढे फोटोघर बंद पडलं, काँप्युटर आला, तोही ती शिव्या घालत घालत शिकली. लग्नाचे फोटो ती करत नाही. फक्त मेलेल्यांचे. काळ्या दगडावर सुई टिंब टिंब करत चेहरा कोरते. फोटोत जे नसेल ते दगडावर येत नाही, आणि जे चुकीचं असेल ते पुसता येत नाही.

नवरा साबिरकुल गेला तेव्हा त्याचा चेहराही तिनेच केला होता. नऊ दिवस जेवणखाण सोडून. दिरांनी दगड बसवला आणि चेहऱ्याखाली कोरून घेतलं, 'भावांकडून'. आपल्याकडे दगडावरची शेवटची ओळ तीच, दगड कोणाकडून उभारला ते सांगणारी. मूलबाळ नाही, म्हणून बायकोही नाही, असा त्यांचा हिशेब. जिपार दिरांशी अकरा वर्षांत एक शब्द बोललेली नाही. समोरून आले तर ती रस्त्यात थुंकते.

तर अशा बाईकडे ऑगस्टच्या शेवटी कलिपा आपा आली, सत्तरीची, काठी टेकत, आणि बरोबर थोरला मुलगा तालाय. धाकटा एमिलबेक मॉस्कोत वारला होता. तीन आठवड्यांवर वर्षाचं जेवण होतं. सगळं गोत येणार, घोडं कापणार, त्याआधी दगड उभा हवा.

तालायने फोन पुढे केला. लोकरीची टोपी घातलेला हसरा चेहरा, नखाएवढा.

"पाटी वाचता येते का?" जिपार म्हणाली.

"एजे," थोरल्या बहिणीला म्हणतात तसं तालाय म्हणाला, "दुसरा फोटोच नाही. लग्नातले आहेत ते सात वर्षांपूर्वीचे, त्यात तो पोरगेला दिसतो. आईला हाच हवाय."

"मग समोरच्या दुकानात जा. तो म्हणे एका मिनिटात मोठा करून देतो, दर्जा तसाच ठेवून."

तालायने पिशवीतून गुंडाळी काढली. ते जाऊन आले होते. कागदावर हातभर चेहरा होता, लख्ख, आरशासारखा. गाल गुळगुळीत, दात एका ओळीत, भुवया जाड काळ्याभोर.

"हा कोण?" जिपारने विचारलं.

"तेच मी विचारलं त्या मेल्याला," कलिपा आपा म्हणाली. "माझ्या एमिलचा पुढचा दात तुटका होता. शिंगरावरून पडला होता सातव्या वर्षी. याने नवा बसवून दिला. माझ्या पोराच्या कबरीवर मी कुठल्या नटाला झोपवू?"

जिपारला म्हातारी जरा आवडली, पण तिने तसं दाखवलं नाही. "यंत्राला तुमचा पोरगा माहीत नाही, आपा. त्याने हजार पोरांचे चेहरे पाहिलेत, त्यातला एक चिकटवला. फोटो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर गेला की फोन त्यातलं निम्मं टाकून देतो. कणीक तेवढीच राहिली, परात मोठी घेतली म्हणून पोळी वाढत नाही. मूळ फोटो कोणी काढला? त्याच्या फोनमध्ये अजून पुरा असेल."

तालायने आईकडे पाहिलं.

"कोणी काढला?"

"त्या बाईने," कलिपा आपा म्हणाली. "तिचं नाव मी तोंडात घेत नाही."

ती बाई म्हणजे सून, ऐसाल्कीन. नवऱ्याबरोबर मॉस्कोत कामाला होती. एक दिवस तिचा फोन आला, ताप आला आणि एमिलबेक गेला. पेटी घेऊन आली, चाळिसावा होताच मुलीला घेऊन माहेरी, आत-बाशीला निघून गेली. "तिकडे चैन करत होती," म्हातारी म्हणाली. "तापाने माणूस मरतो का? पाणी द्यायला कोणी नव्हतं म्हणून मेला. त्याला खाल्लं तिने."

तालायने दगडावरच्या मजकुराचा कागद ठेवला. नाव, सालं, आणि खाली, 'आई आणि भावाकडून'.

जिपारने ती ओळ वाचली आणि तिची कानशिलं तापली. "नंबर दे तिचा."

"कशाला?"

"चेहरा हवाय ना? दे."

तिथेच त्यांच्यासमोर तिने फोन लावला. "ऐसाल्कीन का? मी जिपार, दगडवाली. तुझ्या नवऱ्याचा टोपीतला फोटो मूळचा पाठव. फोटो म्हणून नको, फाइल म्हणून, नाहीतर पुन्हा आकसेल."

पलीकडे दार लावल्याचा आवाज झाला. मग, "दगडावर माझं नाव आहे?"

"नाही."

"मुलीचं?"

"नाही."

"मग नखाएवढाच घ्या, एजे." फोन बंद झाला.

"बघितलंस?" कलिपा आपा म्हणाली. "नागीण."

"बरोबर केलं तिने," जिपार म्हणाली. "मी असते तर शिव्याही दिल्या असत्या."

म्हातारी काठी आपटत निघून गेली. जाताना म्हणाली की तुझ्यासारखीला नवऱ्याच्या दगडावर जागा मिळाली नाही ते उगीच नाही. नारीन लहान गाव आहे, सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. जिपारने दार लावून घेतलं आणि त्या दिवशी काम केलं नाही.

दोन दिवसांनी ऐसाल्कीनकडून फाइल आली. सोबत चार ओळी. 'नाव नको. चेहरा नीट घ्या. फोटो मीच कापून लहान केला होता, एमिलबेकनेच सांगितलं होतं, आईला कळू देऊ नको म्हणून. खालचा भाग आपांना दाखवू नका.'

जिपारने उघडली. चेहरा काचेपलीकडे बसल्यासारखा, तुटका दात, हनुवटीवरचा वण. आणि चेहऱ्याभोवती बाकीचं सगळं. इस्पितळाची खाट. झगा. दंडात टोचलेली सुई. कोपऱ्यात एक डावा हात, वाटी धरलेला, म्हणजे फोटो काढणारीच्या उजव्या हातात फोन होता. टोपीखाली केस नव्हते, भुवयाही नव्हत्या. तारीख जानेवारीची. एमिलबेक गेला सप्टेंबरात.

तिच्या कामाची रीत अशी की आधी कापायचं, साफ करायचं, मग घरच्यांना बोलावून पडद्यावर दाखवायचं. घरच्यांनी होकार दिल्याशिवाय सुई दगडाला लावायची नाही. यावेळी तिने कापलं नाही. मुद्दाम. कलिपा आपाला बोलावून खुर्चीत बसवलं आणि अख्खा फोटो पडद्याएवढा करून समोर धरला. तो वाटीचा हात तिला म्हातारीच्या तोंडावर मारायचा होता, आणि खरं सांगायचं तर दिरांच्याही.

"बघा चैन," ती म्हणाली. "पाणी द्यायला कोणी नव्हतं ना?"

तालायने मान फिरवली. कलिपा आपा मात्र पडद्याजवळ सरकली. आधी दाताला बोट लावलं. मग झग्याला, सुईला. हातापाशी बोट थांबलं.

"हा कधीचा?"

"जानेवारीचा."

"नवीन वर्षाला पाठवला होता तिने. थंडी आहे म्हणून टोपी घातलीय, असं म्हणाली." म्हातारीने महिने बोटांवर मोजले आणि ती बोटं तशीच उघडी ठेवली. "आठ. इथून बिश्केक, बिश्केकहून मॉस्को, बस जाते. तालाय, बस जाते ना?"

"जाते, आई."

"मी गेले असते."

 जिपारने वाट पाहिली होती की म्हातारी शरमेल, रडेल, सुनेची माफी मागेल. म्हातारी रडत नव्हती. तिचा राग होता तिथेच होता, फक्त आता त्याला कारण खरं मिळालं होतं, आणि ते जिपारने दिलं होतं. त्या पोरीने हात जोडून सांगितलं होतं, दाखवू नका. जिपारला स्वतःची किळस आली.

"तोच म्हणाला होता सांगू नको असं," ती म्हणाली. "तिने लिहिलंय."

"तो म्हणणारच. पोरगा आईला असंच सांगतो. तिने ऐकायचं नव्हतं." कलिपा आपाने डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पडद्यावरचे बोटांचे ठसे पुसले. "मानेपर्यंत घे. दात आहे तसा ठेव. भुवया घाल, पण विरळ. माझ्या बापाच्या होत्या तशा."

"हाताने घालते. बारीक कुंचल्याने."

"आणि खाली तिचं नाव घाल. पोरीचंही."

तालाय चमकला. "आई, तू तर म्हणालीस..."

"माफ नाही केलं तिला," म्हातारी म्हणाली. "मरेपर्यंत करणार नाही. पण नाव असलं की तिला दरवर्षी यावं लागेल. दगडासमोर उभी राहील तेव्हा विचारीन, त्या आठ महिन्यांत त्याने मला हाक मारली होती का."