सर्जन माशाचं माहेर

वडूजच्या शालूबाईंनी आजवर एकशे सत्याऐंशी लग्नं जुळवली आणि त्यातली एकही पोरगी माहेरी परत आली नाही. हे त्या स्वतः सांगत नाहीत. शेजारच्या दगडाबाई सांगतात, शालूबाई नुसत्या पदर सावरत बाजूला उभ्या असतात. स्थळ बघायला गेल्या की पत्रिकेआधी त्या माणसाला जेवताना बघतात. "पंगतीत दुसऱ्याच्या ताटाकडं बघतोय का, एवढं कळलं की बास."

त्यांचे यजमान लालासाहेब फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची चार वर्षं अंदमानात गेली आणि तिथला समुद्र काही त्यांच्या डोक्यातून उतरेना. शेवटी त्यांनी घराच्या पुढच्या सोप्यातच आठ फुटी काचेची टाकी बांधून घेतली आणि फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ पोत्यानं ढवळलं.

"आमी गोड पाण्याच्या टँकरची वाट बघतोय," दगडाबाई म्हणाल्या, "आन हवालदार गोड पाणी खारट करत्यात!"

दीड महिना टाकीत नुसते दगड, वाळू आणि गुरगुरणारा पंप. पाणी मुरलं, तसा मासे कुठले आणायचे यावर घरात वाद पेटला. लालासाहेबांना अंदमानात बघितलेले सगळेच हवे होते.

"आवं, देखणं हाय म्हणून एका घरात नांदतंय व्हय?" शालूबाई कडाडल्या. "निवड मी करणार. एकानं जरी दुसऱ्याला नांदू दिलं न्हाई, तर स्थळं बघायचं सोडलं मी!"

बोलून गेल्या खऱ्या. पण दगडाबाई दारातच होत्या. दिवस मावळायच्या आत सगळ्या वडुजाला कळलं.

सांगलीला सम्मेद या जैन पोराचं समुद्री माशांचं दुकान. शालूबाईंनी तिथं स्टूल मागून घेतलं, टाक्यांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "जेवायला घाल समद्यांस्नी."

"हा लायनफिश, काकू. लय डिमांड आहे."

"देखणा हाय. पण जबडा बघ की! बारक्यांस्नी न्याहारीलाच संपवंल. नगं."

"मग हा ट्रिगरफिश?"

"ह्यो दगडं उचलून फेकतोय. बांधाला भांडणारं घर. म्होरं चल."

नारिंगी क्लाउनफिशची जोडी आली. सम्मेद म्हणाला, "यांच्यात बायको मोठी असते, काकू. नवरा बारका, आणि तिच्या शब्दाबाहेर नाही."

"ठरलं! हे पक्कं."

वाळूत तोंड खुपसून मुकाट खपणारा गोबी मासा तर त्यांना सख्ख्या दिरासारखा वाटला. आणि मग दिसला सगळ्यांत थोरला, सर्जन मासा. निळाशार अंग, पिवळीधमक पाठ.

"शाकाहारी आहे," सम्मेद म्हणाला. "शेवाळ खातो."

"मग ह्यो तुमच्यातलाच की रं!"

सम्मेद हसला. "पण तापट आहे. शेपटीपाशी चाकूसारखा काटा असतो, म्हणून तर सर्जन म्हणतात. याला सगळ्यांच्या शेवटी सोडा, काकू."

शालूबाईंना ते काही पटलं नाही. थोरल्यानं उंबऱ्याबाहेर थांबायचं आणि धाकट्यांनी आधी घरात शिरायचं, ही कुठली रीत? त्यांनी सर्जनला एकट्यालाच आधी आणलं, पिशवीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि त्याला टाकीत सोडलं. बाकीचे आठ दिवसांनी आणले.

अर्ध्या तासात टाकीत रणकंदन! सर्जन काटा उगारून या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा. क्लाउनची जोडी पंपाच्या मागं दडून बसली. गोबीनं वाळूत स्वतःला पुरून घेतलं.

"आमचा सुभेदार मेजर असाच हुता," लालासाहेब कौतुकानं म्हणाले.

दगडाबाई शेंगा घेऊन समोरच बसल्या. "शालू, आता स्थळं कोण बघायचं गं गावात?"

शालूबाई पदर खोचून उठल्या. त्यांनी सम्मेदला फोन लावला.

"पहिला कोण सोडला, काकू?"

"...थोरला."

"मग त्यानं सातबारा आपल्या नावावर करून घेतला. आता पंधरा दिवस त्याला दुसऱ्या टाकीत ठेवा, इकडं दगडांची मांडणी बदला. परत सोडलात की त्याला वाटेल, आपण परक्या घरात आलो."

शालूबाईंचा चेहरा उजळला. "म्हंजे ह्येला म्हायेरी धाडायचं! आदी न्हाई का सांगायचं, लेका?"

मग पकडापकडी. लालासाहेब काखेपर्यंत पाण्यात, हातात जाळी. "डावीकडं! आवं, तुमच्या डावीकडं!" दगडाबाई खुर्चीवर चढून ओरडत होत्या. दगड बाहेर, सोप्यात खारं तळं, हवालदार दोनदा घसरून पडले. तिसऱ्यांदा पडले ते मात्र सर्जनला जाळीत घेऊनच.

पंधरा दिवस परसदारच्या छोट्या टाकीत सर्जनचा पाहुणचार झाला. इकडं धाकट्यांनी नव्यानं मांडलेल्या दगडांत आपापली घरं धरली.

माघारी आणायच्या दिवशी सोपा माणसांनी भरला होता. शालूबाईंनी डोळेच मिटून घेतले. सर्जन टाकीत उतरला आणि कोपऱ्यात थबकला. क्लाउनची बायको तरातरा आली आणि तिनं त्याला सरळ धडक दिली. सर्जननं काटा अर्धवट उगारला, इकडंतिकडं बघितलं, काटा परत मिटला, आणि तो बाजूला सरून मुकाट शेवाळ खुडायला लागला.

"नांदतंय! नांदतंय!" लालासाहेबांनी चारचौघांत शालूबाईंना उचलून गर्रकन फिरवलं.

"आवं, सोडा! लोकं बघत्यात!"

पुढच्याच आठवड्यात शालूबाई फलटणला एकशे अठ्ठ्याऐंशीव्या स्थळाला गेल्या. पोरगा चांगला, पोरगी चांगली. पण पोराची आई, अंजनाबाई, कमरेची किल्ली चहा ओततानाही सोडत नव्हती. शालूबाईंनी घराचा सोपा नीट न्याहाळला आणि कप खाली ठेवला.

"अंजनाबाई, लग्नाआदी पंधरा दिवस भावाकडं जाऊन ऱ्हावा. येताना सुनंच्या मागनं उंबरा वलांडा. तवर हितलं कपाट, पलंग, समदं मी हलवून घेती."