रसूलचा भोंगा आणि कोपरा कापलेली कार्डं

पलूसच्या पंचक्रोशीत रसूल मणेर ज्याला ठाऊक नाही, असा माणूस एक तर तान्हा असायचा नाहीतर ठार बहिरा. रसूलचं घराणं बांगड्या भरणाऱ्यांचं. पण त्याचा हात असा जड की बांगडी मनगटावर चढायच्या आधीच फुटायची आणि बाया हात सोडवून घेऊन त्याच्या आईकडं सरकायच्या. गळा मात्र देणाऱ्यानं सढळ हातानं दिला होता. त्यानं बाजारात आरोळी दिली की बैल कान टवकारायचे. धंदा बसला, गळा उरला. तो गळा डोळ्यांच्या अनंत करमरकर डॉक्टरांनी हेरला, आणि दवाखान्याच्या जुन्या मेटाडोरवर भोंगा बांधून, ड्रायव्हरशेजारी बसून रसूल गावोगाव नेत्रशिबिराची हाळी देत फिरू लागला.

आता मोतीबिंदू काढून घ्या म्हटल्यावर कोण येतंय? लोक डोळ्याच्या ऑपरेशनला वाघापेक्षा जास्त भ्यायचे. पण रसूलची रीत निराळी होती. तो गावाला हाक मारायचा नाही, माणसाला मारायचा. मागच्या खेपेला कोण आलं नव्हतं, कुणाच्या घरात काय चाललंय, सगळं त्याला माहीत. गाडी गल्लीत शिरली की भोंग्यातून आवाज यायचा, "राहीबाईऽ, आवं, नातू कुनाच्या तोंडावर गेलाय ते दुसऱ्याच्या तोंडनं कवर ऐकनार? या की शिबिराला!" सगळी गल्ली हसायची. राहीबाई दारात येऊन त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या, आणि दुसऱ्या दिवशी शिबिरात पहिल्या बाकावर बसलेल्या असायच्या.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, तोवर अठ्ठ्याण्णव साल उजाडलं आणि दवाखान्यात कॉम्प्युटर आला. आला तो एकटा नाही, जोडीनं. एक डोळ्यांचा नंबर काढायचा. सांगलीच्या दवाखान्यांतून तशा पाट्या लागल्याच होत्या, मग पलूस मागं कसं राहील? 'येथे डोळे कॉम्प्युटरवर तपासले जातात' अशी लालभडक पाटी झळकली आणि दुखणं नसलेली माणसंही डोळे दाखवायला येऊ लागली. एका म्हातारीनं तर मशीनला हळदकुंकू वाहिलं. गर्दी होत होती, डॉक्टरांना कशाला नको?

दुसरा कॉम्प्युटर डॉक्टरांच्या सुनेचा, श्रद्धाचा. पोरगी पुण्यात वाढलेली, हुशार आणि हौशी. तिनं वर्षानुवर्षांच्या पेशंटांची नावं, गावं, ऑपरेशनं सगळी त्यात घातली. आता कुणाची तपासणी कधी ते मशीनच सांगणार, आणि प्रिंटरमधून छापलेलं पोस्टकार्ड त्याच्या घरी जाणार.

"बघा रसूलकाका," ती आनंदानं म्हणाली, "आता उन्हातान्हात गाडी फिरवायला नको. कार्ड टाकलं की पेशंट हजर!"

बोलली ती भल्यासाठी. पण उन्हातान्हात फिरायचं नाही तर मग रसूलनं करायचं काय?

आणि खरं दुखणं तर वेगळंच होतं. दोन सालांपासून रसूलच्या स्वतःच्या डोळ्यांवर मोतीबिंदू चढला होता. गावभर मोतीबिंदूच्या नावानं बोंब ठोकणाऱ्याला समोरचं माणूस धुक्यातल्यासारखं दिसायचं. ओळखायचा तो आवाजावरून. डॉक्टरांना सांगावं तर ते म्हणतील, झालं रसूल, आता घरी बस. आधीच तो कॉम्प्युटर उरावर बसलेला. म्हणून रसूल गप्प. हे गुपित एकट्या बायकोला, जरिनाला ठाऊक होतं. रोज सकाळी चहा घेताना रसूल लाडात यायचा, "जरिने, तुजा अजून एक केस पिकला न्हाई बग." जरिनाचं डोकं फुटलेल्या कापसाच्या बोंडासारखं पांढरं झालं होतं. ती हसायची, आणि चुलीकडं तोंड करून डोळे पुसायची.

म्हसवडपासून पलूसपर्यंतच्या पेशंटांची पहिली कार्डं छापून झाली. श्रद्धानं गठ्ठा रसूलच्या हातात ठेवला. "काका, टाकण्याआधी एकदा नजर टाका हं. तुम्हाला माणसं माहीत आहेत."

रसूलनं एक कार्ड डोळ्यांशी नेलं, उलटं केलं, सुलटं केलं, मान डोलावली. दिसलं काही नाही. "झकास हाय वैनीसायेब," म्हणाला आणि सगळा गठ्ठा पोस्टाच्या पेटीत सोडून आला.

दोन-तीन दिवस काही नाही. मग एका सकाळी दवाखान्याच्या फाटकात रडारड सुरू झाली. म्हसवडचा हरिबा आपल्या घरची सगळी माणसं घेऊन एसटीनं आला होता. हातात टोपी, डोळ्याला धार. "सायेबऽ, आमाला दिष्टी दिली आन तुमीच गेलाऽ!" त्याच्या मागनं राहीबाई आल्या, डोक्यावर पिठलं-भाकरीची पाटी. मयताच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारधर्म. त्यांच्या मागं आणखी पाट्या, आणखी टोप्या, आणखी रडणं. फाटकात पाय ठेवायला जागा उरली नाही.

एवढ्यात करमरकर डॉक्टर हातात चहाचा कप घेऊन ओट्यावर आले. "काय रे, कोण गेलं?"

हरिबा त्यांच्याकडं बघतच राहिला. मग त्यानं हात लावून बघितलं. "जित्तं हाय की हो!" म्हणाला, आणि आता दुप्पट मोठ्यानं रडू लागला.

उलगडा व्हायला वेळ लागला. कारण कार्डं कुणाकडं शिल्लकच नव्हती. आपल्याकडची रीत सगळ्यांना ठाऊक आहे: पत्राचा कोपरा फाटलेला दिसला की ती मयताची बातमी. ते पत्र उंबऱ्याच्या आत आणायचं नाही, बाहेरच वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. त्यात हे पडले डोळ्यांचे पेशंट, बारीक अक्षर वाचणार काय कपाळ? दिसला तो कापलेला कोपरा आणि वर ठळक छापलेलं डॉक्टरांचं नाव. बस्स! कार्डं फाडली, डोक्यावर गार पाणी घेतलं आणि निघाले. राहीबाईंनी तेवढं आपलं कार्ड पदराला बांधून आणलं होतं. डॉक्टरांच्या हातची आठवण म्हणून रीत मोडली होती त्यांनी.

डॉक्टरांनी कार्ड हातात घेतलं. उजवा कोपरा कात्रीनं नेटका उडवलेला.

श्रद्धाचा चेहरा एवढासा झाला. "मीच कापला, बाबा. प्रिंटर प्रत्येक कार्डाचा तो कोपरा चावत होता. घाण दिसत होतं. म्हणून सगळे सारखे कापले." तिच्या माहेरी सुखदुःखाची बातमी फोनवर यायची, तिला बिचारीला काय माहीत? रडवेली होऊन ती म्हणाली, "पण... काकांना दाखवली होती मी."

सगळ्यांनी रसूलकडं बघितलं. मान हलवून "लक्षात न्हाई आलं" म्हणाला असता तर निभावलं असतं. पोरीनं बोलणी खाल्ली असती आणि रसूलचं गुपित शाबूत राहिलं असतं. क्षणभर त्याच्या मनात आलंही तसं. पण समोर पोरगी हुंदके देत होती आणि हुंदके ऐकायला रसूलला डोळे लागत नव्हते.

"वैनीसायेब, तुमी रडू नगा," तो म्हणाला. "चूक माजी हाय. मला कोपरा दिसलाच न्हाई. कार्डसुदीक दिसलं न्हाई. दोन सालं झाली सायेब, मला कायबी धड दिसत न्हाई."

डॉक्टर असे संतापले की चहा हिंदकळला. "अरे गाढवा! सगळ्या जगाला सांगत हिंडलास आणि स्वतः? दोन वर्षं माझ्यासमोर वावरलास आणि मला..." राग रसूलचा जेवढा आला, त्याहून स्वतःचा जास्त आला होता. ते तसेच आत निघून गेले.

रसूलनं मात्र त्यातून एवढंच ओळखलं की आपलं संपलं. त्यानं गाडीतला माईक काढून आणला, रुमालानं पुसला, टेबलावर ठेवला आणि भिंत चाचपत घरी गेला. मागं डॉक्टरांनी आलेल्या सगळ्यांना बसवून डोळे तपासले. आलाच आहात तर बसा म्हणाले. इतकं मोठं शिबिर पलूसनं कधी बघितलं नव्हतं, आणि जेवणाला पिठलं-भाकरी तयारच होती. रसूलनं मात्र घरी पाण्याचा थेंब घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पुढं ठेवून तो तसाच बसला होता. आज त्यानं जरिनाच्या केसांचं नावसुद्धा काढलं नाही. तोच गल्लीच्या तोंडाला मेटाडोरचा हॉर्न वाजला. भोंगा खरखरला. रसूलनं कान टवकारले. माझ्या माघारी गाडीवर कोण बसलंय?

"रसूल मणेरऽ!" आवाज करमरकर डॉक्टरांचा, आणि तोही बेसूर. "आवं रसूलमियाँ, जरिनाबी म्हातारी झाली का अजून तरनी हाय, ते दुसऱ्याच्या तोंडनं कवर ऐकनार? चला की ऑपरेशनला!"

सगळी गल्ली दारात आली. पोटं धरून हसली. शेजारच्या राहीबाई तर एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला. फार वर्षांचं उट्टं निघालं होतं.

"जावा की," जरिना म्हणाली. "दुनियेला हाका घातल्या, आता तुमाला आलीया."

रसूल रडत रडत गाडीत चढला. डॉक्टर त्याच्या हातात माईक कोंबून म्हणाले, "माझा घसा बसला, हे घे तुझं तू. कार्डं श्रद्धा काढेल, ती नीट बघून तू टाकायचीस. आणि त्यांच्या मागून गाडी जायची, हाक तुझीच. पण आधी डोळे."

पट्टी सुटली त्या दिवशी श्रद्धा दाराशी उभी होती, आणि खाटेजवळ जरिना. तिच्या डोक्यावरचा पदर सरकला होता. रसूल बराच वेळ तिच्याकडं बघत राहिला. कपाळावरच्या सुरकुत्या बघितल्या, वाळलेले हात बघितले, आणि एकही काळा न राहिलेले ते केस बघितले.

"काय बगताय?" जरिना लाजून म्हणाली.

"जरिने, तुजा अजून एक केस पिकला न्हाई बग."

"आवं, आता तर दिसतंय की तुमाला!"

"म्हनूनच सांगतोय," रसूल म्हणाला.

जरिनानं पदर डोक्यावर ओढला आणि त्याच्यासाठी चहा आणायला बाहेर गेली.